बारावा गडी

क्रिकेटमधला बारावा गडी कोण, हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. ड्रिंक्सच्या वेळी बाटल्या घेऊन धावतो, कुणाची बॅट तुटली तर दुसरी आणून देतो आणि चुकून एखादा कॅच घेतलाच तर स्कोअरकार्डावर त्याच्या वाट्याला नुसतं ‘सब’ येतं. आयटीतल्या मंडळींना तर ‘बेंच’ या शब्दानेच घाम फुटतो. तुम्ही कामाला तयार आहात, पण काम नाही. पगार चालू आहे, पण एचआरचा मेल कधी येईल याचा नेम नाही. थोडक्यात काय, राखीव असणं ही काही मिरवायची गोष्ट नाही.

पण टेक्सासमधल्या एका युनिव्हर्सिटीने अशाच एका राखीव खेळाडूचा पुतळा आपल्या स्टेडियमबाहेर उभारलाय. आणि हा पठ्ठ्या त्या मॅचमध्ये एक मिनिटही खेळला नव्हता! तरी शंभर वर्षांनंतरही त्याच्यासाठी हजारो मुलं-मुली प्रत्येक मॅचला उभी राहतात. म्हणजे अक्षरशः उभी. तिकिटावर सीट नंबर असतो, सीटही असते, पण बसत कुणीच नाही.

ही युनिव्हर्सिटी म्हणजे टेक्सास ए अँड एम. गावाचं नाव कॉलेज स्टेशन. ह्यूस्टनहून गाडीने दीड-दोन तासांवर. मी तिथे एमएस केलं, २०२३ चा ऑगस्ट ते २०२४ चा डिसेंबर. गेले तेव्हा माझ्या डोक्यात असाइनमेंट्स, असिस्टंटशिप आणि कुकरच्या शिट्ट्या यापलीकडे काही नव्हतं. परत आले तेव्हा सामानात एक मरून रंगाचा टी-शर्ट होता आणि डोक्यात एक प्रश्न. परंपरा नेमकी कशाला म्हणायची? त्यातलं काय जपायचं आणि काय सोडून द्यायचं?

आधी थोडं खेळाबद्दल. हा फुटबॉल म्हणजे मेस्सीवाला नव्हे. इथे चेंडू लांबुळका, डोक्याला हेल्मेट, खांद्यावर चिलखतासारखी पॅड्स. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. जमलं तर पुढचे चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्यांकडे. कबड्डीतली पकडापकडी, रस्सीखेचीतली इंचाइंचाची लढाई आणि बुद्धिबळातलं प्लॅनिंग एकत्र केलं तर साधारण अंदाज येईल. आणि हो, मॅच साडेतीन तास सहज चालते. साडेतीन तास उभं राहायचं असतं, हे लक्षात घ्या.

शेतकी कॉलेजची टीम

ए अँड एम म्हणजे अ‍ॅग्रिकल्चरल अँड मेकॅनिकल. १८७६ मध्ये सुरू झालेलं हे शेतकी आणि यंत्रशिक्षणाचं कॉलेज. फक्त मुलांचं आणि लष्करी शिस्तीचं. सगळे विद्यार्थी कॅडेट. शेतीवरून आलेलं ‘अ‍ॅगी’ हे नाव आजही सगळे अभिमानाने लावतात. फुटबॉल इथे १८९४ मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासकडून टीमने ३८-० असा सपाटून मार खाल्ला. तेव्हापासूनचं हे खानदानी वैर!

अर्थात अ‍ॅगी माणसासमोर ‘तुम्ही हरलात’ असं म्हणायची सोय नाही. तो शांतपणे सांगतो, ‘आम्ही हरत नाही, कधीकधी आम्हाला वेळ कमी पडतो.’ (डेडलाइन हुकल्यावर मॅनेजरला ऐकवायला हे वाक्य बरं आहे.)

स्टेडियमचं नाव कायल फील्ड. हे कायल म्हणजे बागायती शिकवणारे प्राध्यापक एडविन कायल. १९०४ मध्ये त्यांनी आपल्या विभागाच्या वाट्याची जमीन कुंपण घालून खेळासाठी दिली. फळबागेच्या त्या जागेवर आज एक लाखाहून जास्त माणसं मावतात. आख्ख्या कॉलेज स्टेशनची लोकसंख्या साधारण तेवढीच. मॅचच्या दिवशी गावाच्या आत आणखी एक गाव वसतं म्हणा ना!

आता त्या पुतळ्याची गोष्ट. २ जानेवारी १९२२. डॅलसमध्ये ए अँड एमची मॅच होती सेंटर कॉलेजशी. या छोट्याशा कॉलेजने काही आठवड्यांपूर्वी साक्षात हार्वर्डला हरवलेलं, त्यामुळे त्यांचा दबदबा जबरदस्त. मॅच सुरू झाली आणि ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जखमी होऊन बाहेर जायला लागले. बेंच रिकामा होत चालला. ई. किंग गिल नावाचा एक विद्यार्थी वर प्रेस बॉक्समध्ये पत्रकारांना खेळाडू ओळखायला मदत करत होता. तो आधी फुटबॉल टीममध्ये होता, पण बास्केटबॉलसाठी ते सोडून दिलेलं. कोच डॅना बायबल यांनी त्याला खाली बोलावलं. गिल उतरला, एका जखमी खेळाडूचा युनिफॉर्म अंगावर चढवला आणि मैदानाच्या कडेला उभा राहिला. ए अँड एमने मॅच २२-१४ अशी जिंकली. गिलला आत जायची गरजच पडली नाही.

गोष्ट एवढीच. ना शेवटच्या सेकंदाचा थरार, ना विजयी गोल. गरज पडली तर मी आहे, एवढं सांगत एक माणूस उभा राहिला. त्याच्यासारखे आम्हीही तयार आहोत, म्हणून विद्यार्थी मॅचभर उभे राहतात. ‘ट्वेल्थ मॅन’ हे दोन शब्द आज या युनिव्हर्सिटीचा रजिस्टर्ड ट्रेडमार्क आहेत. सिअ‍ॅटलची प्रोफेशनल टीम सीहॉक्स ते वापरत होती, तर युनिव्हर्सिटी २००६ मध्ये थेट कोर्टात गेली आणि लायसन्सचे पैसे ठरवूनच तडजोड झाली. त्यागाची गोष्ट खरी, पण कागदपत्रंही पक्की!

अरे आव्वाज कुणाचा?

पहिल्या मॅचला माझी नागपूरची रूममेट मला घेऊन गेली. ती एक वर्ष सीनियर, त्यामुळे सगळं ज्ञान तिच्याकडे. हाफ टाइमच्या आधीच माझे पाय बोलायला लागले. जरा टेकावं म्हटलं तर तिने दंडाला धरून वर खेचलं. ‘अगं, बसतेस काय! लोक बघून राहिले ना!’ खरंच बघत होते. रागाने नव्हे, काळजीने. मागच्या रांगेतल्या एका मुलाने तर मला बरं वाटतंय ना, असंही विचारलं.

इथे चीअरलीडर नाहीत. पांढऱ्या कपड्यांतले पाच यल लीडर असतात, विद्यार्थ्यांनी मतदान करून निवडलेले. ते हाताने खुणा करतात, पुढच्या रांगा त्या खुणा मागे पोचवतात आणि मग हजारो गळ्यांतून एकाच वेळी आरोळी उठते. त्याची प्रॅक्टिस होते मॅचच्या आदल्या मध्यरात्री, स्टेडियममध्येच. तिचं नाव मिडनाइट यल. रात्री बारा वाजता फक्त ओरडायची प्रॅक्टिस करायला माणसं येतात, तीही हजारोंनी! पुण्यात पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात बसून ‘अरे आव्वाज कुणाचा!’ ओरडलेल्या मुलीला हे समजायला दोन मिनिटं पुरली. शेवटी दिवे घालवतात आणि ज्यांची जोडी आहे ते एकमेकांना किस करतात. ज्यांची नाही ते पूर्वी लायटर पेटवून इशारा करायचे, आता मोबाइलचा टॉर्च लावतात. आम्ही दोघी तेवढा वेळ व्हॉट्सअ‍ॅप चेक करत होतो, ही गोष्ट वेगळी.

मग ती कुत्री. हिचं नाव रेव्हेली. १९३१ मध्ये काही कॅडेट्सच्या गाडीखाली एक भटकी कुत्री आली. त्यांनी तिला हॉस्टेलवर आणून बरी केली आणि ती टीमची लाडकी झाली. आज तिची गादी कॉली जातीची कुत्री चालवते आणि कॅडेट कोअरमध्ये तिचा हुद्दा सगळ्यात वरचा असतो. ती वर्गात भुंकली तर लेक्चर सुटतं, असं सांगतात. आधीच्या सगळ्या रेव्हेलींच्या समाध्या स्टेडियमच्या बाहेर, उत्तरेच्या बाजूला आहेत. तिथून त्यांना स्कोअर दिसावा, हीसुद्धा सोय केलेली!

सुरुवातीला मला हे सगळं थोडं अतीच वाटायचं. मेमोरियल स्टुडंट सेंटरमध्ये टोपी काढायची, त्याच्या भोवतीच्या गवतावर पाय द्यायचा नाही, कारण ती वास्तू युद्धात गेलेल्या अ‍ॅगींचं स्मारक आहे. अंगठा वर करून ‘गिग एम’ म्हणायचं. अनोळखी माणूस समोरून आला तरी ‘हाउडी’. आपण डिग्री घ्यायला आलोय की कुणाच्या पंथात, असा प्रश्न मी फोनवर आईलाही विचारला होता. पण या सगळ्यामागे एक जखम आहे, हे मला हळूहळू कळलं.

२ वाजून ४२ मिनिटं

ऑस्टिनविरुद्धच्या मॅचआधी मोठी होळी पेटवायची, ही या कॉलेजची सगळ्यात लाडकी परंपरा होती. तिचं नाव बॉनफायर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरुवात झाली तेव्हा तो कचऱ्याचा आणि फळकुटांचा ढीग होता. मग मुलं स्वतः जंगलात जाऊन झाडं तोडायला लागली. ढीग उंच होत गेला. १९६९ मध्ये तो १०९ फुटांवर पोचला. म्हणजे जवळजवळ दहा मजली इमारत, आणि तीही लाकडाच्या ओंडक्यांची! मध्ये एकच वर्ष, १९६३ मध्ये, केनेडींची हत्या झाली म्हणून रचलेली बॉनफायर न पेटवता उतरवली गेली. एरवी कधी खंड नाही.

काम सगळं विद्यार्थ्यांचं. सीनियरने ज्युनियरला शिकवायचं, ज्युनियरने पुढच्याला. लिखित डिझाइन नाही, इंजिनीअरची सही नाही. देशातल्या नावाजलेल्या इंजिनीअरिंग कॉलेजांपैकी हे एक, बरं का!

१८ नोव्हेंबर १९९९ ला पहाटे २ वाजून ४२ मिनिटांनी ५९ फूट उंचीचा, सुमारे पाच हजार ओंडक्यांचा तो मनोरा कोसळला. त्यावर तेव्हा मुलं काम करत होती. १२ जण गेले. ११ विद्यार्थी आणि एक माजी विद्यार्थी. २७ जखमी झाले. यंत्रांनी ओंडके हलवले तर अडकलेल्यांना आणखी धोका, म्हणून बरेचसे हातानेच उचलावे लागले. ते उचलायला फुटबॉल टीमचे खेळाडूही आले होते.

आठ दिवसांनी ऑस्टिनविरुद्धची मॅच झाली. आदल्या रात्री होळीऐवजी मेणबत्त्या लागल्या. हाफ टाइमला ऑस्टिनच्या बँडने आपल्या टोप्या उतरवून श्रद्धांजली वाहिली. शंभर वर्षांचं वैर त्या काही मिनिटांपुरतं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ए अँड एमने मॅच २०-१६ अशी जिंकली. पण ते जिंकणं कुणी साजरं करण्यासारखं नव्हतं.

चौकशी समितीचा रिपोर्ट २००० च्या मे महिन्यात आला. वरच्या थराचे ओंडके खालच्या थरात पाचरीसारखे घुसत होते आणि त्या दाबाने पहिला थर फाकला. त्याला बांधून ठेवणाऱ्या तारा पुरेशा नव्हत्या. हे झालं तांत्रिक कारण. पण समितीने तेवढ्यावर भागवलं नाही. अनेक वर्षं मनोरा अधिकाधिक गुंतागुंतीचा होत गेला आणि त्याच्या डिझाइनवर जबाबदार नजर ठेवणारं कुणी नव्हतं, हेही त्यांनी मांडलं. त्याआधीही बॉनफायरच्या निमित्ताने जीव गेले होते. तरी काम तसंच चालू राहिलं, कारण ते नेहमी तसंच चालत आलेलं.

हे वाचताना मला दहीहंडी आठवली नसती तरच नवल. थर चढताना पोटात उठणारा गोळा, खालच्या गर्दीची आरोळी, सगळ्यात वरचं ते चिमुरडं पोर. उंची किती असावी, गोविंदाचं वय किती असावं, यावर २०१४ पासून आपल्याकडे कोर्टात केवढा वाद झाला! उंचीवर मर्यादा नको म्हणणाऱ्यांचं वाक्य दोन्हीकडे एकच असतं: ‘ही आमची परंपरा आहे.’ आणि ऑफिसमध्येही आपण हे रोज ऐकतोच की. बदललेल्या कोडचं टेस्टिंग कुणी केलं? कुणी नाही, नेहमी असंच लाइव्ह जातं. तिथे फार तर सर्व्हर पडतो, म्हणून आपण हसून सोडून देतो.

पेटली नाही, तरीही

बॉनफायर कॅम्पसवरून बंद झाली. काही विद्यार्थी नंतर कॅम्पसबाहेर खासगी जागेवर आपली वेगळी बॉनफायर करायला लागले. तिच्या रचनेत प्रत्येक ओंडका जमिनीला टेकतो. युनिव्हर्सिटीचा तिच्याशी संबंध नाही. २०११ नंतर ए अँड एमने लीग बदलली आणि ऑस्टिनविरुद्धची मॅचही बंद पडली. मग २०२४ मध्ये ऑस्टिनची टीम त्याच लीगमध्ये येणार हे ठरलं, मॅच परतणार म्हणून सगळे खूश झाले, आणि साहजिकच प्रश्न आला. बॉनफायरही परत आणायची का?

या वेळी ती इंजिनीअरच्या देखरेखीखाली, सुरक्षितपणे करता आली असती. बरेच जुने विद्यार्थी त्यासाठी आग्रही होते. आमच्या लॅबमध्ये कॉफी मशिनपाशी यावर रोज वाद व्हायचे. एक जण म्हणायचा, अपघात झाला म्हणून विमानं उडायची थांबली का? दुसरी म्हणायची, त्या बारा घरांना विचारा. मला दोघांचंही पटायचं. जून २०२४ मध्ये युनिव्हर्सिटीचे तेव्हाचे प्रेसिडेंट मार्क वेल्श यांनी जाहीर केलं: बॉनफायर कॅम्पसवर परत येणार नाही.

त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला अपघाताला २५ वर्षं झाली. जिथे मनोरा पडला तिथे २००४ मध्ये स्मारक झालंय. १७० फुटांचं गोल कडं. त्यात बारा दारं. प्रत्येक दार त्या-त्या विद्यार्थ्याच्या गावाच्या दिशेला तोंड करून. दारांना जोडणारे २७ दगड जखमींसाठी. मी रूममेटबरोबर पहाटे गेले होते. थंडी होती, माणसं भरपूर होती आणि २ वाजून ४२ मिनिटांनी कुणी काही बोलत नव्हतं. आजूबाजूची बहुतेक मुलं १९९९ मध्ये जन्मलेलीही नव्हती. तरी आली होती. एका दारात एक मुलगी नुसती उभी होती. त्या चौकटीत एक माणूस बरोबर मावतो. गेलेल्याच्या जागी कुणीतरी येऊन उभं राहावं, अशीच त्या दारांची कल्पना आहे. मला गिल आठवला, दुसऱ्याचा युनिफॉर्म घालून उभा राहिलेला.

३० नोव्हेंबरला ती मॅच झाली. २४ नोव्हेंबर २०११ नंतर पहिली. कायल फील्ड खच्चून भरलेलं. आमच्या टीमने जेमतेम एक टचडाउन केला, तोही विरोधकांचा पास पळवून. स्कोअर ७-१७. म्हणजे आम्हाला वेळ कमी पडला! पण शेवटपर्यंत आमच्या भागात कुणी बसलं नाही. लाडकी होळी नव्हती, विजय नव्हता, तरी त्या संध्याकाळी काही कमी आहे असं निदान मला तरी जाणवलं नाही. ज्यांनी बॉनफायर बघितली होती त्यांना जाणवलं असेल. त्यांच्या वतीने मी बोलू शकत नाही.

आता कॉलेज फुटबॉलमध्ये पैसा प्रचंड आलाय. ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये कोच जिंबो फिशरला काढलं तेव्हा करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम देणं लागत होती. जुलै २०२५ पासून युनिव्हर्सिटीज खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. इतकी वर्षं त्यांच्या जिवावर स्टेडियम भरायची, त्यामुळे त्यांना पैसे मिळायलाच हवेत. पण आता खेळाडू दर सीझनला टीमही बदलू शकतात, अगदी आपण नोकऱ्या बदलतो तशा. अशा दुनियेत बारा नंबरची जर्सी आजही स्कॉलरशिपशिवाय, स्वतःच्या हिमतीवर टीममध्ये आलेल्या खेळाडूलाच देतात. हे किती दिवस टिकेल सांगता येत नाही. टिकावं असं फार वाटतं.

कारण इथल्या परंपरा काही पहिल्यापासून दगडात कोरलेल्या नव्हत्या. १९६३ मध्ये मुलींना प्रवेश मिळाला, १९६५ मध्ये कॅडेट कोअरची सक्ती गेली. तेव्हाही परंपरा बुडाली म्हणून अनेकांनी गळे काढले. बुडाली असती तर मी तिथे उभी नसते. सगळ्यात भव्य, सगळ्यात लाडकी होळी गेली, आणि उरलं ते सगळ्यात साधं. उभं राहणं.

तिथे दरवर्षी २१ एप्रिलला ‘मस्टर’ असतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, फिलिपिन्समधल्या कोरेगिडोर बेटावर वेढ्यात अडकलेल्या अ‍ॅगींनीही तो पाळला होता. वर्षभरात गेलेल्यांची नावं पुकारतात आणि प्रत्येक नावाला त्याच्या ओळखीचं कुणीतरी ‘हिअर’ म्हणून ओ देतं. आपल्या शाळेतल्या हजेरीसारखं, ‘हजर!’ त्याला स्टेडियम लागत नाही, ओंडके लागत नाहीत. जगात कुठेही दोन अ‍ॅगी जवळपास असले तरी जमायचं, असा रिवाज आहे.

पुण्यात आम्ही चौघं आहोत. दोघं हिंजवडीत, एक खराडीत, एक बाणेरला. एरवी आमचा कॉफीचा प्लॅन व्हॉट्सअ‍ॅपवर तीन-तीन महिने लोळत पडतो. २१ एप्रिलला सात वाजता भेटायचं असं मी ग्रुपवर टाकलं, तर पाच मिनिटांत तिघांचे अंगठे आले.